किलोबाई

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं किलोबाई म्हणायची. हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण ते तिला असं काही चिकटलं होतं की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शिपायाला सरळ विचारलं, "त्या किलोबाई कुठल्या वर्गावर आहेत?" आणि शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या सरांना खोकल्याची उबळ आल्याचं नाटक करावं लागलं.

नावाचं कारण तिची पिशवी. एक किराणा दुकान कायमचं बंद होत होतं, तेव्हा तिथली सगळी लोखंडी वजनं तिने उचलून आणली होती. अगदी पन्नास ग्रॅमच्या टिकलीपासून पाच किलोच्या धोंड्यापर्यंत. सातवीला रचना आणि बलांचा धडा सुरू झाला की ती वजनं जाड कापडी पिशवीत घालून ती वर्गावर न्यायची. व्हरांड्यातून तो खणखणाट जवळ यायला लागला की माझ्या भूगोलाच्या तासाला बसलेली मुलंसुद्धा पाठी ताठ करायची.

आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. शिक्षकांच्या खोलीत आमची कपाटं शेजारी. त्यामुळे सगळी शाळा तिला अहो-जाहो करत असताना मी एकटी तिला अगं-तुगं करायची. आमची मैत्री होती असं म्हणायचं का, ते मला आजही सांगता येत नाही. तिच्याशी चहा पितानासुद्धा आपण तोंडी परीक्षेला उभे आहोत असं वाटायचं.

शिकवायची मात्र झकास. ते नाकारणाऱ्याने तिचा तास पाहिलेला नाही. अंघोळीच्या स्पंजवर शाईने उभ्या रेघा मारायची, स्पंज दोन पुस्तकांवर आडवा ठेवायची आणि मधोमध बोटाने दाबायची. "बघा. वरच्या रेघा जवळ आल्या, खालच्या लांब गेल्या. वर दाब, खाली ताण. एकाच वस्तूच्या पोटात दोन भांडणं. कळलं?" न कळायची कुणाची बिशाद. चार मुलांना हात धरून चौकोन करायला लावायची, एकाला ढकलायची, की चौकोन लगेच कलंडायचा. मग दोन समोरासमोरच्या मुलांच्या हातात एक ओढणी तिरकी द्यायची आणि पुन्हा ढकलायची. चौकोन जागचा हलायचा नाही. "का नाही हलला? कारण आता तो चौकोन राहिलाच नाही. दोन त्रिकोण झाले. त्रिकोण निर्लज्ज असतो, कितीही ढकला, आकार सोडत नाही." पोरं हसायची, आणि जन्मभर विसरायची नाहीत.

पण तिला नुसतं शिकवून चैन पडायचं नाही. धडा समजावताना तिला माणूस लागायचा. वर्गात एक काडीसारखी उंच मुलगी होती. तिला टेबलाशी उभी करून हिने तिच्या डोक्यावर तळहात ठेवला, दाबला आणि म्हणाली, "हा बारीक, उंच खांब. बारीक खांब चिरडत नाही. आधी कमरेत वाकतो आणि मग मोडतो. असाच." सगळा वर्ग खदखदून हसला. त्या मुलीचं नाव खांब पडलं, ते दहावीपर्यंत. एक गोलमटोल मुलगा होता, त्याला ती दर तासाला वजन म्हणून फळीवर बसवायची. "लोड या इकडे," म्हणायची. तो दिसायचाही बिचारा लोडासारखाच, त्यामुळे दोन्ही अर्थांनी ते नाव त्याला बसलं. तो हसत यायचा, हसत बसायचा. पाणी प्यायच्या टाकीमागे जाऊन रडतो, हे मला शिपायाने सांगितलं.

मी तिला एकदा म्हणालेही, "अगं, लेकरं आहेत ती."

"लेकरं आहेत म्हणूनच. मोठी झाल्यावर कोण सांगणार त्यांना कुठे कच्चं आहे ते?"

धड्याच्या शेवटी पुलाची परीक्षा असायची. प्रत्येकाने वर्तमानपत्राच्या नळ्या, दोरा आणि डिंक एवढ्यावर पूल करून आणायचा. मोठ्या व्हरांड्यात दोन बाकं हातभर अंतरावर मांडायची, त्यावर पूल ठेवायचा, मधोमध आकड्याला लोखंडी बादली टांगायची आणि तिच्यात एकेक वजन टाकत जायचं. पूल मोडेपर्यंत. ही परीक्षा म्हणजे शाळेतला मोठा तमाशा होता. इतर वर्गांची मुलं गर्दी करायची, कधी आईबापही यायचे. आणि किलोबाईची जीभ त्या दिवशी धार लावून आलेली असायची.

"हा पूल नाही, ही चटई आहे. झोप यावर."

"तुझ्या पुलावरून मुंगीसुद्धा घरच्यांचा निरोप घेऊन जाईल."

पूल मोडला म्हणून एक पोरगी मुसमुसायला लागली तर तिला म्हणाली, "आता कशाला ओलं करतेस? डिंक वाळवायचा होता तेव्हा घाई केलीस."

सगळी वजनं पेलणारा पूल कुणीच कधी केला नव्हता. कुणी केलाच, तर त्याला पैकीच्या पैकी गुण, असा तिचा नियम होता. तो नियम ती दरवर्षी मोठ्याने सांगायची. मला वाटतं, तसं कधी होणार नाही याचीच तिला मजा वाटायची.

एका वर्षी गावातल्या एका कंत्राटदाराच्या मुलाने भलताच देखणा पूल आणला. नळ्या अशा सरळ की पोराच्या हातच्या नाहीत हे कुणीही सांगितलं असतं. तो तीन वजनांत कोसळला. किलोबाई त्याला म्हणाली, "बाबांना विचार, त्यांनी बांधलेले खरे पूल कुठे कुठे आहेत. मी वळसा घालून जात जाईन." व्हरांडा हसून हसून लोळला. हसली नाही ती त्या मुलाची आई. ती कठड्याला टेकून उभी होती. पुढच्या पालकसभेत ती उठली आणि सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाली, "बाईंची मुलगी पुढच्या वर्षी सातवीत येतेय ना? तिचा पूल मोडायला बाईंना किती वजनं लागतात, ते बघायला मी मुद्दाम येणार आहे."

किलोबाईची मुलगी आमच्याच शाळेत होती. एकुलती एक. आई किलो म्हणून मुलीचं नाव आपोआप ग्रॅम. अंगाने लहानखुरी, बोलायची कमी, आणि तिला त्या नावाचं काही वाटायचं नाही. शाळेत आईला बाई म्हणायचं आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की आई म्हणायचं, असा मायलेकींचा करार होता. मी पाहिलंय, ग्रॅम फाटकाच्या पट्टीवरून उडी मारायची आणि उडीच्या त्या टोकाला "आई गं" म्हणून तिच्या दंडाला लटकायची. त्या क्षणी किलोबाईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. इतर कुणासाठी तो तसा झालेला मला आठवत नाही.

पालकसभेनंतर किलोबाईची झोप उडाली. ग्रॅम सातवीत आली तेव्हा मोठ्या सरांनी तिला बोलावून सांगितलं, "यंदा सातवीची परीक्षा दुसऱ्या कुणाला घेऊ दे. ड्रॉइंगच्या सरांना सांगतो."

"म्हणजे मी माझ्या मुलीला झुकतं माप देईन असं तुम्हालाही वाटतं?"

"अहो, मला काही वाटत नाही. लोक बोलतात."

"मग लोकांना बघू दे."

आणि घरी तिने फर्मान काढलं. ग्रॅमचा पूल त्या घरात होणार नाही. नळी वळायची नाही, डिंकाची बाटली उघडायची नाही, पुलाबद्दल एक शब्द विचारायचा नाही. ग्रॅमचे वडील पाणीपुरवठा खात्यात कारकून होते, भांडण दिसलं की चपला घालून फिरायला जाणारे. ते म्हणाले, "अगं, मग पोरीने करायचा कुठे?" तर तिने माझं नाव सांगितलं. मला न विचारताच.

म्हणून तो पूल माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर झाला. माझ्याइतका त्याचा साक्षीदार दुसरा कुणी नाही. ग्रॅम शाळा सुटली की यायची, दूध प्यायची आणि कामाला लागायची. एकेक नळी दोन्ही तळहातांत धरून दाबून बघायची. जी जरा वाकेल ती बाजूला टाकायची. मी म्हटलं, "अगं, किती टाकतेस? चांगल्या तर आहेत."

"त्या खाली चालतील, मावशी. खाली ताण येतो, तिथे बारीक असलं तरी चालतं. वर दाब येतो ना, तिथे आखूड आणि जाड हवं."

"कुणी सांगितलं?"

"बाईंनी. स्पंजच्या तासाला." मग माझ्याकडे बघून हसली. "आईने काही नाही सांगितलं."

सांध्यांना तिने दोरा इतका घट्ट गुंडाळला की बोटाला वळ उठले. पहिला पूल तिला पसंत पडला नाही. तो मोडून तिने दुसरा केला. दुसरा झाल्यावर मला म्हणाली, "मावशी, यावर तू हात ठेव ना. जोरात नको." मी ठेवला. खाली दगडी फरशी असावी तसं वाटलं. ती टेबलाला गालफड टेकवून पुलाच्या पोटाखालून बघत होती, कुठे काही वाकतंय का. नंतर पूल जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन गेली, बाळ न्यावं तसा.

परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कंत्राटदाराची बायको आली होती, शेजारच्या दोन बायका बरोबर घेऊन. मीही माझा वर्ग सोडून कठड्याशी उभी राहिले. किलोबाईने त्या दिवशी इस्त्रीचे कडक कपडे घातले होते आणि आवाजही तसाच होता. पहिले पूल भराभर पडले. प्रत्येकाला एकेक वाक्य बसलं. खांब म्हणवणारी ती मुलगी ग्रॅमच्याच वर्गातली, तिचा पूल पडला तेव्हा तर "मालकिणीवर गेलाय" म्हणाली, आणि लोक हसले.

मग ग्रॅमची पाळी आली.

तिने चादर सोडली, पूल बाकांवर ठेवला, आकडा अडकवला, बादली टांगली आणि हात मागे बांधून बाजूला उभी राहिली. तिच्या पुलात दिखाऊ काही नव्हतं. उलट, जरा ठेंगणाच दिसत होता. किलोबाईने वजनं टाकायला सुरुवात केली. छोटी वजनं गेली. अर्धा किलो गेलं. एक किलोचं गेलं. दोन किलोचं टाकलं तेव्हा पूल किंचित करकरला आणि गप्प झाला. आता मुलं पुढे सरकायला लागली. कुणीतरी हळूच "ग्रॅम, ग्रॅम" सुरू केलं आणि बघता बघता सगळा व्हरांडा "ग्रॅम! ग्रॅम!" म्हणून टाळ्या पिटायला लागला. पाच किलोचा धोंडा उरला होता. तो किलोबाईने दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद, हो, अलगदच बादलीत ठेवला.

पूल उभा.

पिशवी रिकामी झाली. तिने ती उलटी करून झटकली, जणू कोपऱ्यात एखादं वजन लपून बसलंय. मुलांनी आरोळी ठोकली. लोड तर नाचायला लागला. ग्रॅमने पहिल्यांदा मान वर करून आईकडे पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता की मीही टाळ्या पिटायला लागले.

तेवढ्यात कठड्याकडून आवाज आला. "घरचाच माल. मजबूत असणारच."

आवाज मोठा नव्हता. पण टाळ्यांच्या मधल्या फटीत तो नेमका पडला. दोनतीन बायका हसल्या. मी ओरडले, "माझ्या घरी केलाय तिने, माझ्या डोळ्यांसमोर!" कुणाचं लक्ष नव्हतं. किलोबाईचं तर नव्हतंच. ती कंत्राटदाराच्या बायकोकडे बघत होती. मग तिने मान वळवली, मुलीकडे पाहिलं, आणि मुलीकडे बघत बघतच आपला उजवा तळहात बादलीच्या काठावर ठेवला.

आणि दाबला.

एकदा दाबून काही झालं नाही. मग ती पुढे वाकली, दुसरा हात पहिल्यावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. टाळ्या थांबल्या होत्या. आम्हाला सगळ्यांना ऐकू आला तो दोऱ्याचा आवाज, एकेक पीळ तुटत जाण्याचा. मग पूल मधोमध दुमडला, बादली खाली आदळली, वजनं चहूकडे घरंगळली आणि दोन किलोचं वजन ग्रॅमच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं.

पोरगी ओरडली नाही.

"सांध्यात गेला," किलोबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "सांधे कच्चे. चला, पुढचा."

ग्रॅम खाली बसली. पुलाचे तुकडे गोळा केले, चादरीत बांधले आणि लंगडत जागेवर गेली. तिच्या पांढऱ्या मोज्याचं टोक लाल होत चाललं होतं. मी तिच्याकडे जायला निघाले तर तिने मानेनेच मला नको म्हटलं.

पुढचा नंबर लोडचा होता. तो आपला पूल घेऊन आला. बाकांवर ठेवला नाही. जमिनीवर ठेवला, त्यावर एक पाय दिला आणि चुरडला. नेहमीसारखंच हसत म्हणाला, "माझा मोडला, बाई. तुम्ही कशाला हात दुखवता?" त्याच्या मागच्या मुलीने तिचा पूल हाताने पिळला. तिच्या मागच्याने आपला भिंतीवर आपटला. एकामागून एक मुलं येत गेली आणि आपापला पूल मोडून "मोडला, बाई" म्हणत गेली. आधी रागाने करत होती, नंतर त्यांना त्यात मजा यायला लागली. शेवटची तर उड्या मारत होती, खिदळत होती. व्हरांड्यात कागदाचा चिखल झाला. आणि किलोबाई उभी राहून प्रत्येकाला शून्य देत राहिली. शेवटच्या मुलापर्यंत. एकालाही तिने थांबवलं नाही.

लोक पांगताना कंत्राटदाराची बायको तिच्याजवळ गेली. "आता खात्री पटली हो बाई," म्हणाली. "तुम्ही कुणाचीच गय करत नाही. पोटच्या पोरीचीसुद्धा नाही." आणि तिचा हात हातात घेऊन दाबला.

ग्रॅमला मीच डॉक्टरकडे नेलं. अंगठ्याचं हाड चिरलं होतं, नख गेलं होतं. तिला घरी सोडायला गेले तेव्हा किलोबाई स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी बसवत होती. तिने वळून बघितलं नाही. ग्रॅमचे वडील पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसले.

ग्रॅम म्हणाली, "बाई, पाय वर ठेवायला उशी हवी आहे. कुठली घेऊ?"

किलोबाई वळली. "घरात आई म्हणायचं. किती वेळा सांगितलंय?"

"नको. आई म्हटलं तर लोक म्हणतील, तुम्ही मदत केलीत."

वडिलांनी जीभ चावली. किलोबाई दोन पावलं पुढे आली आणि तिने पोरीच्या थोबाडीत मारली. ग्रॅमने गाल चोळला नाही. "कपाटातली घेते," म्हणाली आणि उठायला लागली.

मला वाटलं होतं, आठपंधरा दिवसांत निवळेल. पोरांचा राग तो किती. पण ग्रॅमचं तसं नव्हतं. तिने बोलणं टाकलं असतं, जेवण टाकलं असतं, तर बरं झालं असतं, त्यावर इलाज असतो. तिने काहीच टाकलं नाही. सांगितलेलं काम करायची, पहिल्या पाचात यायची, आईचं डोकं दुखलं की कपाळाला बाम चोळून द्यायची. फक्त बाई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. "बाई, तुमचे कपडे वाळलेत. बाई, तुम्हाला चहा देऊ?" घरी आलेल्या पाहुण्यांना आधी गंमत वाटायची. मग ते एकमेकांकडे बघायचे आणि लवकर उठायचे.

किलोबाईने सगळे उपाय करून पाहिले. मारून पाहिलं. नवे कपडे आणून पाहिले. महिनाभर अबोला धरून पाहिला, तर ग्रॅमने तोही बिनतक्रार पाळला. एकदा खोटंच आजारी पडली, तापाने बडबडल्याचं सोंग केलं. पोरगी रात्रभर उशाशी बसली, पट्ट्या बदलत राहिली आणि सकाळी म्हणाली, "बाई, ताप नव्हताच तुम्हाला. शाळेत जाऊ का आता?"

शाळेत मोठ्या सरांनी पुलाची परीक्षा कायमची बंद केली. त्याऐवजी मुलांनी तक्त्यावर पुलाचं चित्र काढायचं ठरलं. किलोबाईने वाद घातला नाही. वजनांची पिशवी प्रयोगशाळेच्या माळ्यावर गेली. ती पुस्तकातून धडा वाचून दाखवायला लागली, खाली रेघ मारायची वाक्यं सांगायला लागली. मुलांना टोमणे मारणंही बंद झालं. पालकांनी म्हटलं, बाई सुधारल्या. मला विचाराल तर त्या वर्षांत तिच्याकडे शिकलेल्या मुलांना दाब आणि ताण यांतला फरक आजही सांगता येणार नाही.

मी तिला एकदाच विचारलं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो, ती वह्या तपासत होती.

"का दाबलास गं तेव्हा? लोकांच्या बोलण्यासाठी?"

तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता काही तत्त्वज्ञान सांगेल. आयुष्यात भार कसे न सांगता येतात वगैरे. तिला तसलं छान जमायचं.

"मोडत नव्हता म्हणून," ती म्हणाली. आणि पुन्हा वह्या ओढल्या.

ग्रॅम मोठी झाली. शिकली, डोळे तपासायचं शिक्षण घेतलं, गावातच एका चष्म्याच्या दुकानात लागली. आपल्या मनाने लग्न केलं. नवरा भला माणूस. लग्नाच्या नोंदणीला तिने आईला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. तिथल्या कारकुनाने विचारलं, "या कोण?" तर म्हणाली, "या आमच्या बाई. माझ्या मातोश्री." कागदावर लिहितात तसा शब्द वापरला तिने. किलोबाईने मान खाली घालून सही केली.

पुढे तिचे वडील आजारी पडले. आयुष्यभर भांडण टाळलेला तो माणूस, पण शेवटच्या दिवसांत त्यांनी एकच हट्ट धरला. दवाखान्यात खाटेच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगी. मी फळं घेऊन गेले होते. त्यांनी मुलीचं मनगट धरलं.

"बाळा, म्हण गं तिला एकदा. माझ्यासाठी म्हण."

ग्रॅमने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग खाटेपलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई."

हजेरी घेताना एखादं नाव वाचतात तसं. किलोबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण ग्रॅम वडिलांकडे वळली होती. "म्हटलं, बाबा. झालं?" आणि किलोबाईला म्हणाली, "बाई, तुम्ही घरी जा आता. रात्री मी थांबते."

ते गेल्यावर किलोबाई एकटीच राहायला लागली. निवृत्त झाली होती. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वीसारखं चालता येईना. ग्रॅमने तिला आपल्या घरी नेलं नाही. गावाबाहेर म्हाताऱ्यांसाठी एक बरं घर आहे, तिथे ठेवलं. चांगली हवेशीर खोली, खिडकीशी खाट. आणि कसलीही हयगय नाही. औषधं वेळेवर, मऊ सपाता, वाचायचा भिंगाचा दिवा. आठवड्यातून एकदा ग्रॅम येते, नखं कापते, चष्मा पुसून देते, सेविकेला पोट साफ होतं का विचारते आणि जाते. तिथल्या सेविका मला म्हणाल्या, असं लेकीने करावं तर यांच्यासारखं.

किलोबाईचा स्वभाव तिथेही गेलेला नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजी चमचा थरथरत धरतात, त्यांना म्हणते, "तोंड इकडे आहे, कानात नाही." सगळ्या तिला टाळतात. मी गेले की मात्र माझा हात सोडत नाही. एकदा म्हणाली, "पोरीने तुझ्याकडे दूध प्यायलं ना गं? मी घरी चहाच देत होते." एवढंच.

परवा मी गेले तेव्हा ग्रॅमही आलेली होती. निघताना आम्ही दोघी फाटकापर्यंत बरोबर आलो. बसला वेळ होता. तिथल्या बाकावर बसलो. तिच्याही केसांत आता पांढरे धागे आहेत. मी म्हटलं, "ग्रॅम, मी काही तुला शहाणपण शिकवत नाही. पण आता ती किती दिवसांची आहे? अजून किती धरून ठेवणार?"

ती माझ्याकडे बघून हसली. चांगलं, मोकळं हसली.

"मावशी, राग केव्हाच गेला. तिशीतच गेला असेल. एके दिवशी दुकानात कुणाची तरी फ्रेम वाकवत होते आणि लक्षात आलं, अरे, आपल्याला काहीच वाटत नाहीये."

"मग?"

"मग काय? तिच्या घरी हाक मारायला गेले, तर तोंडात तो शब्दच येईना. बळेच म्हटला असता तर बाबांच्या वेळी म्हटला तसा निघाला असता. तो तिने एकदा ऐकला आहे." ती पदराने चष्मा पुसायला लागली. "तिला वाटतं मी अजून रागात आहे. तेच बरं आहे. राग आहे म्हटल्यावर वाट तरी बघता येते."

बस आली. ग्रॅमने माझं कोपर धरून मला पायऱ्या चढवल्या, कंडक्टरला सांगितलं, यांना गुडघ्याचा त्रास आहे, बस पूर्ण थांबल्यावरच उतरू द्या. खिडकीतून पाहिलं तर ती रस्ता ओलांडून भराभर चालायला लागली होती. दुकानातून तिने अर्ध्याच दिवसाची रजा काढली होती.